एक वीत रुंद वाट : बी-24 लिबरेटर आतून बघताना

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. विषय आहे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर विमान आतून कसं बघायचं आणि मोबाईलवर त्याचे फोटो कसे काढायचे. उदाहरणाला घेऊ या बी-24 लिबरेटर.

का? तर अमेरिकेने ही विमानं 18,000 हून जास्त बनवली, पण आज शाबूत आहेत ती मोजकीच. आणि त्यातली बरीचशी वाचली ती भारतामुळे!

झालं असं, की युद्ध संपल्यावर कानपूरला कित्येक लिबरेटर भंगारात टाकली गेली. कुणी पुन्हा उडवू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली होती. एचएएलच्या लोकांनी ती उडण्यापुरती जुळवली आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक करत बंगळूरला नेली. तिथे पक्की दुरुस्ती झाली. 1951 मध्ये आपल्या पुण्यात हवाई दलाचं 6 नंबरचं स्क्वाड्रन याच विमानांवर पुन्हा उभं राहिलं. 1968 पर्यंत ती सेवेत होती. त्यानंतर काही परदेशी गेली. ब्रिटनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम, कॅनडातलं ओटावा, अमेरिकेतलं टुसॉन, इथल्या संग्रहालयांतली लिबरेटर भारतीय हवाई दलाचीच. एक दिल्लीत पालमला आहे.

सगळ्यात गाजलेलं म्हणजे ‘विचक्राफ्ट’. 1944 मध्ये टेक्सासला बनलेलं, भारतात वापरलेलं आणि 1989 मध्ये अमेरिकेत पुन्हा उडालेलं. पुढे ते गावोगाव फिरलं, लोक रांगा लावून आत शिरले.

आत काय दिसतं?

बाहेरून पंखांचा पसारा 110 फूट. आत मात्र वाकूनच चालायचं. मधोमध बॉम्ब ठेवायची जागा आणि तिच्यातून पुढेमागे जायला फक्त 9 इंची पट्टी. म्हणजे बरोब्बर एक वीत! खालचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळले जाणारे, माणसाचं वजन न पेलणारे. साधारण दहा जण आत असायचे. मागच्या खिडक्यांतून बंदुका बाहेर काढलेल्या, वर उणे 30-40 अंश थंडी, नाकाला ऑक्सिजनचा मास्क. आग लागली तर अंगावर पॅराशूट चढवून याच अडचणीतून बाहेर पडायचं. अनेकांना ते जमलं नाही. त्यांचं वय? बहुतेक जण तुमच्याच वयाचे, विशीतले.

आता फोटो

एक : पाठीवरची सॅक बाहेर ठेवा, आत अडकते.

दोन : आत अंधार, खिडकीत लख्ख उजेड. फोन गोंधळतो. जे दाखवायचंय तिथे बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा कमी करा. फ्लॅश नको, पत्र्यावर आणि काचेवर चमकतो.

तीन : वाइड लेन्सने जागा ऐसपैस वाटते, म्हणजे फोटो खोटं बोलतो. त्या पट्टीचा फोटो साध्या लेन्सने घ्या आणि फ्रेममध्ये स्वतःचा बूट येऊ द्या. मापाचा अंदाज लगेच येतो.

चार : नाकाकडच्या काचेला फोन अगदी जवळ नेऊन खाली बघा. बॉम्ब टाकणारा इथूनच जमीन बघायचा. त्या जमिनीवरही माणसं होती, हे तो फोटो काढताना डोक्यात असू द्या.

आणि कुठलाही खटका, तार, हँडल धरायचं नाही. काय चालेल ते तिथल्या माणसाला आधी विचारा.

विमानासमोरचा सेल्फी काढाच, त्यात काय! पण त्या एका वितीचा एक फोटो नक्की आणा. घरच्यांना हे युद्ध काय होतं ते सांगायला तो पुरेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!