उन्माद-अवसादाचा आजार आणि घरची माणसे

इंदापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून बारामतीस शिकावयास जाणारा मुलगा पुष्कळदा त्या घरातील पहिलाच पदवीधर व्हावयाचा असतो. अशा मुलाची झोप एकाएकी तीन तासांवर येते, तरी तो थकत नाही. बोलणे अखंड, योजना अचाट. फीचे पैसे चार दिवसांत संपतात. घरच्यांना प्रथम कौतुक वाटते, मग भीती. काही महिन्यांनी तोच मुलगा अंथरूण सोडत नाही, आपण घरावर भार आहोत असे म्हणतो. यास द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजेच उन्माद-अवसादाचा आजार म्हणतात. तो करणी नव्हे आणि आईवडिलांच्या संस्कारांतील उणीवही नव्हे. अनुवंशाचा त्यात मोठा वाटा आहे.

कुटुंब डॉक्टरांकडे जाते ते बहुधा अवसादाच्या काळात. आधीचा उन्माद सांगावयाचा राहून जातो, कारण तो काळ हुशारीचा वाटलेला असतो. केवळ अवसादावरील औषध दिले गेल्यास काही रुग्णांत उन्माद उसळतो. म्हणून मागील दोन-तीन वर्षांतील झोप, खर्च व वागणूक यांची टिपणे घरच्यांनी सोबत न्यावीत.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली लिथियमचा उपयोग दाखवून दिला. ते आजही प्रमुख औषध आहे. मात्र त्याची रक्तातील पातळी, मूत्रपिंडे व थायरॉईड यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. उन्हात राबून शरीरातील पाणी घटले, जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घेतली, तर ही पातळी धोकादायक होऊ शकते. हातांचा जोरदार कंप, तोल जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. जागरणही उन्मादाला निमंत्रण देते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतून असा तरुण लवकर घरी परतला, तर कार्यकर्त्यांनी त्यास उदासीन ठरवू नये.

उन्मादात केलेले कर्ज, उच्चारलेले अपशब्द यांचे काय करावे, हा घरातील सर्वांत अवघड प्रश्न होय. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. चित्तभ्रमात तो उपोसथास कधी येई, कधी न येई. संघाने ठराव करून त्याच्या अनुपस्थितीतही कार्य चालविण्याची सोय केली. बरा झाल्यावर भिक्खू जुन्या वर्तनाबद्दल त्यास वारंवार टोचू लागले, तेव्हा तथागतांनी ‘अमूळ्हविनय’ सांगितला: भ्रमावस्थेतील कृत्यांचा दोष शुद्धीवर आलेल्याच्या माथी मारावयाचा नाही. आमच्या मते घरातही हाच न्याय लावावा. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याने पाहावेत, पण त्याच्या संमतीने, आणि तो बरा असतानाच हे ठरवावे.

येरवड्याचे मनोरुग्णालय इंदापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तेथील रुग्णालयात प्रथम चौकशी करणे सोयीचे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे.

मरणाची भाषा निघाल्यास ती नाटक समजू नये. शेतातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत, औषधगोळ्या मोठ्या माणसाने सांभाळाव्यात, मुलास एकटे सोडू नये आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे. ही सेवा विनामूल्य आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते.