जाळीच्या सरकत्या दाराविषयी काही गैरसमज

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात गेल्या काही दशकांत ज्या अगणित सदनिका उभ्या राहिल्या, त्यांतून बिजागरीचे लाकडी दार आणि गजांची खिडकी क्रमाक्रमाने बेदखल होऊन त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या रुळांवर सरकणारे काचेचे पल्ले आले, आणि त्यांच्या जोडीला, डासांच्या बंदोबस्तासाठी, जाळीचा तिसरा पल्ला आला. वजनाने हा सर्वांत हलका. तरीही अडतो पुष्कळदा तोच, आणि तो अडला म्हणजे गृहस्थ अधिक चौकशी न करता ‘बेअरिंग गेलं’ असा निकाल देऊन मोकळा होतो.

चाक झिजते यात संशय नाही. नायलॉनचे चाक एका अंगाला चपटे होते, साधे लोखंडी बेअरिंग गंजून फिरण्याऐवजी फरफटत जाते. परंतु चाकाच्या आधी रुळाची झडती घेणे इष्ट. घोडबंदर रस्त्यालगत किंवा कल्याणच्या खडकपाड्याकडे, जेथे एका इमारतीची परांची उतरते न उतरते तोच शेजारी दुसरीची उभी राहते, तेथे सिमेंटची बारीक पूड रुळाच्या खाचेत साचते आणि पहिल्या पावसाच्या ओलीने तिचा कठीण थर बनतो. त्या थरावर कोरे करकरीत चाकही चालणार नाही. शिवाय जाळीची चौकट उंच, अरुंद आणि किरकोळ बांध्याची असल्यामुळे वरच्या अंगाला धरून ओढली की ती तिरकी होऊन रुळांत आवळली जाते. तोच पल्ला खालच्या भागाला हात लावून ढकलला असता सुरळीत सरकला, तर कसूर बहुधा चाकाची नाही. खात्रीचा पुरावा हवा असेल, तर पल्ला उतरवावा आणि चाक बोटाने फिरवून पाहावे.

दुसरी समजूत तेलाची. खोबरेल, शिवणयंत्राचे तेल, जे हाताशी असेल ते रुळात ओतण्याचा प्रघात घरोघरी आहे, आणि त्याने दोन दिवस आराम पडतो हेही खरे. पण तेल धूळ धरून ठेवते, आणि तेल व सिमेंटची पूड यांचा जो लगदा तयार होतो तो चाक आणि रूळ दोहोंनाही घासून काढतो. कोरड्या ब्रशाने खाच झाडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर सिलिकॉनचा हलका फवारा मारणे पुरेसे असते.

याहून घातक समजूत रुळाच्या बाहेरील अंगास असलेल्या लहान भोकांविषयी आहे. ही कारागिराची हयगय मानून, पाणी आत येईल या भीतीने कित्येक जण ती पुटीनने बुजवितात. वस्तुतः खाचेत शिरलेल्या पावसाला बाहेर जाण्यासाठीच ती ठेवलेली असतात. ती बुजली की जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाके पाण्यात उभी राहतात.

पोलादी चाक नायलॉनपेक्षा केव्हाही सरस, असे दुकानदारही छातीठोकपणे सांगतो. ठाणेकरांना चाक आणि रूळ यांचे नाते सांगण्याचे कारण नाही, कारण 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी येथेच पोहोचली. परंतु आगगाडीत चाक आणि रूळ एकाच गोत्राचे असतात, येथे मात्र मऊ ॲल्युमिनियमच्या रुळावर कठीण पोलाद फिरते आणि वर्षानुवर्षे त्यास कातीत जाते. खाडीकाठच्या क्षारयुक्त दमट हवेत या दोन धातूंच्या सान्निध्याने ॲल्युमिनियम अधिकच लवकर खंगते, आणि ‘स्टेनलेस’ म्हणविणाऱ्या पोलादावरही क्षारांमुळे बारीक खड्डे पडतात. हलक्या जाळीच्या पल्ल्याला, आत चांगले बंद बेअरिंग असलेले नायलॉनचे चाक माझ्या मते अधिक योग्य. पोलादाचा विचार काचेच्या जड पल्ल्यासाठी करावा.

दार अडते म्हणून पुष्कळ घरांत जाळी दिवसभर उघडी राहते आणि दिवेलागणीला कष्टाने ओढली जाते. ही सवय हिवतापाच्या जमान्याची आहे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी ज्या ॲनोफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी पाहिले, तो मुख्यत्वे रात्री चावतो; डेंग्यू पसरविणारा एडिस मात्र दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. शिवाय एका बाजूचे चाक झिजून पल्ला कलला की चौकटीशी जी निमुळती फट पडते, तिच्यातून डास जाळी बंद असतानाही आत येतो.

चाक खरोखरच गेले असेल, तर सबंध दार बदलण्याची गरज नसते. वर अडकवलेला ठोकळा असल्यास तो काढून, आणि उंचीचा पेच असल्यास चाके आत घेऊन, पल्ला वरच्या खोल खाचेत उचलावा व तळाची बाजू घराच्या आत ओढून घ्यावी. वरच्या मजल्यावर ग्रील नसेल तर एकट्याने हे धाडस करू नये. चाके सगळी सारखीच, या भरवशावर आकार तोंडी सांगू नये. चाकाचा व्यास, त्याच्या कडेची खोबण आणि बाहेरच्या कवचाची रुंदी कंपनीगणिक बदलते, म्हणून जुने चाकच दुकानात न्यावे. बदलायची तर खालची दोन्ही एकदम. नंतर पेच फिरवून पल्ला चौकटीशी समांतर करावा. स्वस्त बेअरिंगांना हा पेच नसतोच. आणि रुळाची धार मध्येच बसकी झालेली दिसली, तर स्लायडिंगवाल्याला चाकांबरोबर तिच्यावर बसणारी स्टीलची पट्टीही आणायला सांगावे.