परदेशातला पगार, खानदेशातलं शेत

*अनिवासी भारतीयांसाठी*

- कायदा : फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा), १९९९. अंमल १ जून २००० पासून.
- एनआरई खातं : परदेशातल्या कमाईसाठी. व्याज भारतात करमुक्त. मुद्दल आणि व्याज परत नेता येतं.
- एनआरओ खातं : धुळ्यातलं घरभाडं, रावेरच्या केळीचे पैसे इथे जमा होतात. व्याजावर कर. कर भरून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा.
- जुनं बचत खातं : एनआरओमध्ये बदलावं लागतं.
- शेतजमीन : विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव.
- फ्लॅट, दुकान : जळगावात घेता येतं.
- मुखत्यारपत्र : भारतीय दूतावासात साक्षांकन. कागद भारतात आल्यावर ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क.