अळिंबीची पिशवी वाढत नाही, नेमके अडले कुठे?

मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने धिंगरी अळिंबीच्या १२ पिशव्या भरल्या. ६ पिशव्या विहारामागच्या सामानाच्या खोलीत टांगल्या, बाकीच्या ६ जणींनी आपापल्या घरी नेल्या. विहारातल्या सगळ्या पिशव्यांना तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी कळ्या लागल्या. घरच्या ६ पैकी २ चालल्या. एकीत हिरवी बुरशी झाली, एक आंबली आणि २ नुसत्या पांढऱ्या होऊन महिनाभर तशाच बसल्या. बियाणे एकच, पेंढा एकच, भरलेल्याही एकाच दुपारी. फरक होता तो जागेचा आणि पाण्याच्या हाताचा. हे आम्हाला कळेपर्यंत दोघींनी वैतागून पिशव्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. गटाच्या कर्जातून भरलेल्या पिशव्या होत्या त्या.

यंदाही अनेक घरांत तयार पिशव्या आल्या आहेत आणि "ताई, ही काही वाढतच नाही" हे रोज ऐकू येते. म्हणून हे पान त्यावर.

अळिंबी म्हणजे बुरशीचे फळ. झाड दिसते ते पेंढ्यात पसरलेले पांढरे जाळे, आणि आपण खातो ती छत्री म्हणजे त्या झाडाचा आंबा. जाळे पसरताना त्याला जे हवे असते, फळ धरताना त्याच्या जवळजवळ उलटे हवे असते. जाळ्याच्या दिवसांत पिशवी बंद, अंधारात, बऱ्यापैकी उबेत हवी आणि वरून पाणी अजिबात नको. फळाच्या दिवसांत मोकळी हवा, उजेड, थोडा गारवा आणि भोवती दमटपणा हवा. घरातल्या बहुतेक चुका या दोन काळांची गल्लत झाल्याने होतात. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या ताईला आम्ही आधी पिशवी भरल्याची तारीख विचारतो. ती बहुधा कुणाला आठवत नाही. पिशवीवर पेनाने तारीख लिहून ठेवा, अर्धा घोळ तिथेच मिटतो.

२५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर १५ ते २० दिवसांत पेंढा पूर्ण पांढरा होतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री पारा १२-१३ वर आला की हेच काम महिनाभरही चालते. ती पिशवी मेलेली नसते, थंडीने मंदावलेली असते. घराच्या आतल्या भिंतीकडे घ्या, वरून जुनी गोधडी सैल टाका आणि थांबा.

उन्हाळ्यात मात्र थांबून उपयोग नाही. आपली बरीच घरे पत्र्याची. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली आपल्यालाच बसवत नाही, आणि वाढत्या जाळ्याची स्वतःची उष्णता असल्याने पिशवीच्या आत खोलीपेक्षाही दोन-तीन अंश जास्त असतात. ३५ च्या वर गेले की जाळे थबकते, तसेच राहिले तर मरते. म्हणून पिशव्या एकमेकींवर रचू नका, माळ्यावर तर ठेवूच नका, कारण खोलीतली सगळ्यात तापलेली जागा तीच. जमिनीलगत, माठाजवळच्या कोपऱ्यात चार अंशांचा फरक सहज पडतो. मोरीजवळ गारवा असतो म्हणून तिथे ठेवायचा मोह होतो, पण तिथली घाण आणि फिनेलचा वास दोन्ही वाईट. आमचे स्पष्ट मत आहे की पत्र्याच्या घरात मार्च ते मे नवी पिशवी भरूच नये, विकणारा काहीही म्हणो. पावसाळा आणि दिवाळीनंतरचे दिवस हा खरा हंगाम. जातही विचारून घ्यावी. पांढरी फ्लोरिडा गारव्यात खुलते, तर सजोर-काजू आणि गुलाबी धिंगरी उष्णता अधिक सोसतात.

हवा ठीक असूनही दहा दिवसांत जाळे कुठे दिसत नसेल तर बियाणे जुने असते किंवा पेंढ्यात गडबड असते. चांगले बियाणे पांढरेशुभ्र दिसते, दाणे जाळ्याने बांधलेले असतात आणि त्याला ताज्या अळिंबीचा वास येतो. पिवळे पाणी सुटलेले, आंबूस वासाचे किंवा कुठे हिरवे-काळे ठिपके असलेले घेऊ नका. उन्हातून गाडीच्या डिकीत घालून आणलेले बियाणे वाटेतच मरू शकते. प्रमाण ओल्या पेंढ्याच्या साधारण २ टक्के, म्हणजे ५ किलो ओल्या पेंढ्याला १०० ग्रॅम. गरम पाण्यातून काढलेला पेंढा पुरता निवल्याशिवाय बियाणे टाकले तर ते भाजून निघते. आमच्याकडे हे एकदा झाले आणि आठवडाभर आम्ही बियाणे विकणाऱ्याला नावे ठेवत बसलो.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. बियाणे घालण्यापूर्वी मूठभर पेंढा घट्ट दाबावा. तळहात ओला व्हावा, फार तर एखादा थेंब सुटावा. धार लागली तर पेंढा अजून निथळायचा आहे. भरलेल्या पिशवीच्या तळाशी पाणी साठलेले दिसले तर तापवून निवलेल्या दाभणाने खाली दोन-तीन छिद्रे पाडून ते जाऊ द्या. आमची जी पिशवी आंबली ती पाण्यानेच. घरच्या आजी मायेने रोज वरच्या तोंडातून तांब्याभर पाणी ओतत होत्या. झाडाला पाणी घालतात, मग याला का नको, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे काही चुकले नाही, आम्हीच नीट सांगितले नव्हते.

पिशवी पूर्ण पांढरी झाली, चार-पाच दिवस गेले, तरी कळी नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. अशी पिशवी बहुतेक वेळा निरोगी असते. फळ धरायची वेळ झाली हे तिला कळलेले नसते, कारण ती अजून खाटेखाली अंधारातच असते. तिला बाहेर काढा. चाकू गरम पाण्याने धुऊन चारी बाजूंनी दोन-दोन इंचांच्या चिरा द्या. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा, थेट ऊन नको. दिवसातून दोन-तीनदा दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या. आता दमटपणा हवा, पण तो पिशवीच्या भोवती. शेजारी ओले गोणपाट टांगा, भिंतीवर आणि जमिनीवर फवारा. टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांवर थेट पाणी मारले की त्या पिवळ्या पडून गळतात. पंख्याचा झोत अंगावर आला की तपकिरी होऊन सुकतात. फवारणी दिवसातून किती वेळा, हे गोणपाट सांगते. ते सुकत आले की फवारा, पावसाळी दिवशी एकदाही नाही.

कळ्या आल्या, पण दांडे लांबच लांब आणि टोपी बटणाएवढी, असे झाले तर खोलीत हवा कोंडली आहे. बुरशीही आपल्यासारखाच श्वास सोडते. बंद खोलीत तो साचला की छत्री उघडायच्या ऐवजी दांडा हवा शोधत वर जातो. चूल किंवा स्टोव्हचा धूर तिथेच कोंडत असेल तर आणखी वाईट.

पहिली काढणी झाल्यावर दुसऱ्या बहराला ८ ते १० दिवस लागतात. या मधल्या शांततेत पुष्कळ पिशव्या फेकल्या जातात. छत्री चाकूने न कापता बुडातून पिळून काढावी. मागे राहिलेला बुडखा सडतो आणि पुढचा बहर अडवतो. तीन बहरांनंतर पिशवी हाताला हलकी लागते आणि आकसते. ती खरोखर संपलेली असते.

हिरवी बुरशी दिसली तर पिशवी लगेच इतरांपासून दूर न्या. नखाएवढा ठिपका असेल तर लक्ष ठेवून पाहता येते. तळहाताएवढा झाला असेल तर पिशवी घरात उघडू नका, दुसऱ्या पिशवीत बांधून बाहेर टाका. ही बुरशी बहुधा पेंढा नीट निर्जंतुक न झाल्याने येते. गरम पाण्याची पद्धत म्हणजे ८० अंशांच्या आसपास तासभर पेंढा बुडवून ठेवणे, आणि ते ड्रमचे काम लहान मुले शाळेत असताना करावे. काही जण फॉर्मालिन आणि बुरशीनाशकात पेंढा रात्रभर भिजवायला सांगतात. शेतावरच्या शेडमध्ये ते चालत असेल. एका खोलीच्या घरात, जिथे तीच बादली उद्या आंघोळीला लागते, तिथे आम्ही ते करू देणार नाही. पिशवीतून भलतीच काळी, शाईसारखी विरघळणारी छत्री उगवली तर तीही उपटून टाका, खाऊ नका.

आता छातीचा प्रश्न, कारण तो कुणी विकणारा सांगत नाही. धिंगरीची छत्री पूर्ण उघडून कडा वर वळल्या की तिच्यातून पांढरे बीजाणू पिठासारखे उडतात. खाली ठेवलेल्या भांड्यावर सकाळी पांढरा थर दिसतो तो हाच. रोज हे श्वासात गेले तर काहींना फुफ्फुसाची ॲलर्जी होते. पिशव्यांजवळ काम केल्यावर काही तासांनी खोकला, अंग मोडून येणे, ताप, धाप असे दिसते आणि दोन दिवस लांब राहिले की बरे वाटते. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना अळिंबीबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर साधा ताप समजून औषध मिळेल. ज्या घरात दम्याचा माणूस आहे किंवा ज्याची छाती क्षयानंतर कमजोर आहे, तिथे झोपायच्या खोलीत पिशवी नको. विहाराची किंवा गटाची वेगळी खोली बघा. बाकीच्यांनीही कडा खाली वळलेल्या असतानाच काढणी करावी आणि त्या वेळी नाकाला रुमाल बांधावा. अशी कोवळी अळिंबी चवीलाही चांगली लागते.

"मटणाइतकी ताकद" असे पुड्यांवर छापतात. ताज्या अळिंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि १०० ग्रॅममध्ये साधारण ३ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. तेव्हा अळिंबी आली म्हणून मुलांची डाळ-अंडी कमी करू नयेत. भाजीत भर म्हणून ती उत्तम आहे, नीट शिजवूनच खावी. चिरून तासभर दुपारच्या उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते, हे मात्र खरे.

बियाणे आणि प्रशिक्षणासाठी आधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबीचा प्रकल्प आहे. "पिशव्या आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्हीच विकत घेऊ" असे सांगत कुणी वस्तीत आला तर गटाच्या बैठकीत चर्चा झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आमच्याकडे आलेला एक जण पैसे घेऊन गेला तो परत फिरकला नाही.

संपलेल्या पिशवीतला पेंढा कुंडीत किंवा परसात मातीत मिसळा. गेल्या श्रावणात आमच्या विहाराच्या तुळशी-झेंडूच्या वाफ्यात अशा पेंढ्यातून मूठभर धिंगरी पुन्हा उगवली होती. पण मातीवर उगवलेली छत्री धिंगरीच आहे की कुत्र्याची छत्री, याची खात्री नसेल तर ती तोंडात घालू नका. आम्हीही ती तशीच राहू दिली.