मुलीला संगणकशास्त्रात पीएच.डी. करायची आहे?

मुलगी इंजिनीयर झाली, चांगल्या कंपनीत नोकरीला लागली की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. मग एके दिवशी ती सांगते, ‘‘मी नोकरी सोडून पीएच.डी. करणार आहे.’’ लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. अजून किती शिकणार? पैशांचे काय? लग्न कधी करणार? मुलगा असला तर शेवटचा प्रश्न ‘घर कधी घेणार?’ असा होतो, एवढाच फरक.

प्रश्न रास्त आहेत. पण उत्तरे नीट समजून न घेता नकार देणे जितके चूक, तितकेच घाईने होकार देणेही चूक.

हा पुढचा वर्ग नव्हे

पीएच.डी. म्हणजे एम.टेक.नंतरची आणखी एक परीक्षा, असा अनेकांचा समज असतो. सुरुवातीला काही विषय शिकावे लागतात, हे खरे. पण खरे काम त्यानंतर सुरू होते. ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, असा प्रश्न घेऊन बसायचे असते.

एक उदाहरण पाहू. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे लहान संख्येबाबत शाळकरी मूलही सांगते. संख्या शेकडो अंकी असेल तर? ते तपासण्याच्या झटपट पद्धती होत्या, पण त्यांत चुकीची किंचित शक्यता उरे किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकाचा आधार घ्यावा लागे. ऑगस्ट २००२ मध्ये आय.आय.टी. कानपूरचे प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी या दोन्ही उणिवा नसलेली पद्धत शोधून काढली. जगभर तिचे कौतुक झाले. २००६ साली तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला. दोघा विद्यार्थ्यांनी पुढे कानपूरलाच पीएच.डी. केली.

असे यश क्वचितच वाट्याला येते. बहुतेकांचा शोध लहान असतो, पण तो स्वतःचा आणि नवा असावा लागतो.

घरखर्च कसा चालतो?

प्रवेशासाठी सहसा गेट किंवा नेट परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. नेटमधून जे.आर.एफ. मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे, काम समाधानकारक असल्यास, ४२,००० रुपये मिळतात. शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता असतो. कंपनीच्या पगारापुढे ही रक्कम कमी वाटेल, पण एकटीचा खर्च भागतो. घरावर मोठे कर्ज असेल किंवा धाकट्यांचे शिक्षण याच मिळकतीवर अवलंबून असेल, तर हिशेब आधीच कागदावर मांडा.

किती वर्षे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे. मुदत वाढवून मिळू शकते. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. म्हणजे लग्न किंवा मूल झाले की संशोधन संपले, असे मुळीच नाही. आय.आय.टी.सारख्या संस्थांचे नियम वेगळे असतात, ते त्या संस्थेतच विचारून घ्यावेत.

मार्गदर्शक पारखून घ्या

स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. इथेही तेच करावे. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? आज ते काय करतात? सर किंवा मॅडम दर आठवड्याला भेटतात का? याची खरी उत्तरे तिथले सध्याचे विद्यार्थी देतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आणि प्रबंध लिहून देणारे दलाल यांच्यापासून मात्र दूर राहावे.

घरच्यांची साथ

संगणकशास्त्रात नवे काम बरेचदा आंतरराष्ट्रीय परिषदांत मांडले जाते. नामवंत परिषदांकडे आलेले बहुतेक निबंध नाकारले जातात. वर्षभराची मेहनत दोन ओळींच्या पत्राने परत येते. हुशार मुलेही अशा वेळी खचतात. तेव्हा ‘‘शेजारच्या मुलाने फ्लॅट घेतला’’ हे वाक्य जखमेवर मीठ चोळते. ‘‘झाले का गं तुझे?’’ असे दर सणाला विचारण्यापेक्षा ‘‘सध्या कशावर काम करतेस?’’ असे विचारा. सगळे कळले नाही तरी चालेल, तिला ऐकणारे कोणी आहे हे कळेल.

पुढे काय, ही चिंताही अनाठायी आहे. महाविद्यालये आणि विद्यापीठांत प्राध्यापकी आहेच. कंपन्यांच्या संशोधन प्रयोगशाळाही आहेत. टाटांनी पुण्यात असे केंद्र १९८१ मध्येच काढले होते.

मात्र केवळ नावापुढे ‘डॉक्टर’ लागावे किंवा नोकरीचा कंटाळा आला म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. एखादा प्रश्न तिला स्वस्थ बसू देत नसेल, हिशेब जुळत असेल आणि मार्गदर्शक चांगला असेल, तर आनंदाने होकार द्या. ही वर्षे वाया जात नाहीत.