सहायक शीतक पंप

सहायक शीतक पंप हा मोटारगाडीतील शीतकाचे (बोलीभाषेत कूलंटचे) अभिसरण करणारा, विजेवर चालणारा छोटा पंप होय. गाडीचा मुख्य पाणीपंप सामान्यतः इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि इंजिन थांबताच तोही थांबतो. सहायक पंपाला बारा व्होल्टच्या बॅटरीतून वीज मिळते. त्यामुळे इंजिन बंद असताना, किंवा इंजिनाशी थेट संबंध नसलेल्या स्वतंत्र मंडलातही, तो शीतक फिरवू शकतो. गॅरेजमध्ये त्याला ‘ऑक्झिलरी पंप’ किंवा ‘इलेक्ट्रिक वॉटर पंप’ म्हणतात. हायब्रीड (संकरित) गाडीत तोच ‘इन्व्हर्टर पंप’ या नावाने ओळखला जातो.

हा पंप बिघडल्यास नवा मागवावा लागतो. तो स्थानिक दुकानात क्वचितच तयार मिळतो, म्हणून अपघातग्रस्त वा मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला पंप बसवण्याकडे कल असतो. अशी खरेदी आणि बदल यांचा विचार प्रस्तुत लेखात सोलापूर परिसराच्या हवापाण्याच्या संदर्भात केला आहे.

कार्य

गरम द्रव हलका होऊन वर चढतो आणि थंड द्रव खाली उतरतो, या तत्त्वावर गच्चीवरील सौर बंब पंपाशिवाय चालतो. १९०८ साली आलेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर पाणीपंप काढून टाकण्यात आला आणि पुढे हेच तत्त्व वापरले गेले. आधुनिक इंजिनाची उष्णता मात्र एवढ्या मंद प्रवाहाने वाहून नेता येत नाही. शिवाय, जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथे प्रवाह हवा तेव्हा मिळालाच पाहिजे, ही अट असते. सहायक पंपाची गरज येथूनच निर्माण होते.

त्याची कामे गाडीगणिक वेगळी असतात. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत इंजिन बंद केल्यानंतरही टर्बोचे चाक व त्याचे कवच अतिशय तापलेले असते. शीतक थांबला तर ती उष्णता टर्बोच्या बेअरिंगकडे सरकते आणि तेथील तेल जळून त्याचा कोळसा होऊ लागतो. सहायक पंप चावी काढल्यावरही काही मिनिटे चालू राहून हे टाळतो. गाडी उभी केल्यावर पुढील भागातून येणारी बारीक गुणगुण ही अशा गाड्यांत बहुधा याच पंपाची किंवा रेडिएटरच्या पंख्याची असते आणि ती बिघाडाचे लक्षण नव्हे. हायब्रीड गाडीत बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटारीसाठी रूपांतर करणारा इन्व्हर्टर थंड ठेवणे हे त्याचे काम असते. टोयोटाच्या हायब्रीड गाड्यांत यासाठी इंजिनापेक्षा वेगळे शीतक मंडल व वेगळी टाकी असते. विजेवरील गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठीही असाच पंप लागतो. थंड देशांत इंजिन बंद असताना प्रवाशांना ऊब देण्यासाठी हीटरमध्ये गरम शीतक फिरवणे हाही त्याचा एक उपयोग आहे. सोलापूरकराला त्याचे फारसे अगत्य असण्याचे कारण नाही.

रचना

तत्त्वतः हा विहिरीवरील विद्युत पंपाचाच धाकटा भाऊ आहे. पात्यांचे चाक फिरते, मध्यभागी आलेला द्रव केंद्रोत्सारी परिणामाने कडेला फेकला जातो आणि निर्गम नळीतून बाहेर पडतो. किर्लोस्करवाडीत बनणाऱ्या पंपांचे तत्त्वही हेच. फरक आकाराचा: शेतावरील पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे ३,७०० वॅट शक्तीची असते, तर बहुतेक सहायक पंप साधारण १५ ते ५० वॅटवर भागवतात.

महत्त्वाचा भेद आणखी एक आहे. शेतपंपात मोटार आणि पाणी यांच्यामध्ये फिरत्या दांड्यावर सील असते. अनेक सहायक पंपांत असे फिरते सीलच नसते. चुंबकयुक्त रोटर शीतकातच बुडून फिरतो, वेटोळी त्याच्याभोवती पातळ भिंतीपलीकडे असतात आणि बेअरिंगला वंगण मिळते ते शीतकाचेच. गळतीचा धोका त्यामुळे कमी होतो, पण पंप कोरडा चालवला की थोड्याच वेळात बेअरिंग खराब होते. जुना पंप तपासताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नियंत्रणाच्या दृष्टीने दोन प्रकार आढळतात. साध्या पंपाला दोन तारा असतात. रिलेने वीज दिली की तो चालतो. दुसऱ्या प्रकारात तिसरी किंवा चौथी तार असते, तिच्यातून गाडीचा संगणक वेगाचा आदेश देतो. दोन्ही पंप बाहेरून एकसारखे दिसू शकतात, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बिघाडाची लक्षणे

हायब्रीड गाडीत इन्व्हर्टर तापल्याचा इशारा येतो, शक्ती कमी होते आणि प्रसंगी गाडी थांबते. टोयोटाच्या गाड्यांत स्कॅनरवर ‘पी०ए९३’ हा इन्व्हर्टरच्या शीतकरणाविषयीचा संकेतांक दिसतो. टर्बो गाडीत लक्षणे उशिरा कळतात. तापमापक काटा नेहमीच्या जागी असतो, गाडी नीट चालते आणि टर्बोचे नुकसान मात्र दर थांब्याला थोडे थोडे होत राहते.

पंप विकत घेण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी होय. जळालेला फ्यूज, अडकलेला रिले, कपलरमधील गंजलेली पिन किंवा मंडलात अडकलेली हवा यांपैकी कशानेही हीच लक्षणे दिसतात. कपलर काढून पंपाला वीज पोहोचते का हे मीटरने पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. ही दहा मिनिटे न दिल्यामुळे चांगला पंप भंगारात आणि तितकाच चांगला दुसरा पंप गाडीत, असे अनेकदा घडते.

सोलापूर परिसरातील स्थिती

सोलापूर जिल्हा दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. एप्रिल-मेमध्ये शहरातील कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचे आहे. रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता शीतक व बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. हवाच ४२ अंश असेल तर तो फरक आटतो आणि पंपाला अधिक काळ, अधिक वेगाने चालावे लागते. पुणे-सोलापूर-हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर गाडी तासन्‌तास वेगाने धावते आणि टेंभुर्णी किंवा मोहोळजवळच्या ढाब्यावर येऊन एकदम बंद होते. टर्बोच्या सहायक पंपाची खरी परीक्षा त्याच क्षणी असते. याउलट वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर गाड्या माणसाच्या चालीने सरकतात आणि समोरून हवा मिळत नाही. तेव्हा भार पंख्यावर आणि पंपावर येतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जिल्ह्यातील अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त व जड आहे. शीतक कमी झाला की बाटलीतील पाणी ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे. पाणी तापवण्याच्या भांड्यात जो पांढरा थर साचतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि पंपाच्या पात्यांवर साचतो. सुटलेले कण रोटर व त्याचे कवच यांच्यातील अरुंद फटीत शिरले की पंप अडकतो. येथे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून शीतकाची गरज नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. शीतकातील गंजरोधक द्रव्ये आणि त्याचा वाढीव उत्कलनबिंदू यांचे महत्त्व उष्ण प्रदेशात अधिकच असते. भारतात इंजिन-शीतकांसाठी ‘आयएस ५७५९’ हे मानक आहे.

वापरलेल्या पंपाची खरेदी

जुने सुटे भाग मिळण्याची ठिकाणे म्हणजे स्थानिक भंगार व्यावसायिक, मुंबईत कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार आणि पुण्याचा जुना बाजार. केंद्र शासनाने २०२१ मध्ये वाहन भंगार सुविधांच्या नोंदणीचे नियम लागू केल्यापासून नोंदणीकृत भंगार केंद्र हा आणखी एक मार्ग उपलब्ध झाला आहे. तेथे गाडी कोणत्या क्रमांकाची होती व ती कायदेशीरपणे मोडीत काढली गेली का, याची नोंद असते. विनापावती घेतलेला माल चोरीच्या गाडीचा निघाल्यास खरेदीदारही अडचणीत येतो. चोरीचा माल जाणूनबुजून वा तसे मानण्यास कारण असताना स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून पावती मागावी आणि तीवर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.

पंप ओळखण्याचा आधार म्हणजे त्यावर कोरलेला भाग क्रमांक. गाडीचे नाव व वर्ष एवढ्यावर विसंबू नये. क्रमांकाच्या शेवटचा अंक किंवा अक्षर बदलले की अनेकदा आतील रचना सुधारलेली असते. हा तपशील क्षुल्लक वाटला तरी त्यामागे इतिहास आहे. २०१२ च्या आरंभी मिनी कंपनीने टर्बोच्या सहायक पंपातील विद्युत पट्टी तापून जळण्याच्या शक्यतेमुळे जगभरातील सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोयोटाने हायब्रीड गाड्यांतील विद्युत पाणीपंपासाठी सहा लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीस बोलावल्या. पंप बंद पडल्यास धावती गाडी थांबण्याचा धोका होता. ऑडीने २०१७ मध्ये शीतकातील कचऱ्याने पंप अडकून तापतो म्हणून आणि २०१८ मध्ये पंपात ओल शिरते म्हणून मोहिमा काढल्या. नंतरच्या मोहिमेत जगभरातील सुमारे १२ लाख गाड्या होत्या. दुरुस्तीपूर्वीच मोडीत निघालेल्या अशा गाडीचा सदोष पंप पुढे कोणाच्याही दुकानात पोहोचू शकतो. भाग क्रमांक कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारून घेणे हाच त्यावर उपाय. उलट बाजूही लक्षात घ्यावी: स्वतःची गाडी अशा मोहिमेत येत असेल तर पंप विनामूल्य बदलून मिळू शकतो आणि जुना शोधण्याची गरजच उरत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ सदोष वाहने परत बोलावण्याविषयीच आहे.

प्रत्यक्ष पाहणीत सर्वांत बोलका भाग कपलरचा. त्याच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरी खपली असेल, तर शीतक आतील विद्युत भागात झिरपला आहे असे समजावे. असा पंप आज चालला तरी घेऊ नये. कवचावर तपकिरी डाग, वितळलेले प्लास्टिक किंवा जळका वास यांचा अर्थही उघड आहे. नळीच्या तोंडाजवळ केसाएवढी भेग असू शकते, म्हणून तेथून नख फिरवून पाहावे. पाते बोटाने हलके फिरवले असता चुंबकामुळे टप्प्याटप्प्याने अडखळल्यासारखे वाटते. हे स्वाभाविक आहे. खरखर किंवा पात्याला आडवा खेळ असणे मात्र वाईट.

चालवून पाहायचे तर पंप बादलीतील पाण्यात बुडवून, फ्यूज लावलेल्या तारेने बारा व्होल्ट द्यावेत. धन-ऋण उलट झाल्यास आतील विद्युत पट्टी जळू शकते. कोरड्या पंपाला ‘फक्त आवाज ऐकण्यापुरती’ वीज देण्याची विक्रेत्यांची पद्धत असते. तिला नम्रपणे नकार द्यावा. आदेशाची तार असलेला पंप केवळ बॅटरी जोडल्यावर काही रचनांत पूर्ण वेगाने चालतो, तर काहींत मुळीच चालत नाही. त्यामुळे असा पंप स्तब्ध राहिला म्हणजे निकामी आहे असे ठरत नाही आणि चालला म्हणजे आदेश पाळतो असेही नाही. त्याची खात्री गाडीत बसवून स्कॅनरनेच होते, म्हणून परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून घेणे इष्ट.

जुन्या पंपामुळे वाचतो तो केवळ भागाच्या किमतीतील फरक. मजुरी आणि नवा शीतक यांचा खर्च तेवढाच राहतो आणि पंप वर्षभरात गेला तर तो दुसऱ्यांदा करावा लागतो. साध्या दोन तारांच्या, सहज हात पोहोचणाऱ्या पंपासाठी जुना भाग घेणे समर्थनीय आहे. पुढचा बंपर किंवा इनटेक काढल्याशिवाय जेथे पोहोचता येत नाही, तेथे नवाच पंप अखेरीस स्वस्त पडतो. हायब्रीड गाडीच्या बाबतीत इन्व्हर्टरची किंमत पाहता जुन्या पंपावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही.

बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय टाकीचे झाकण उघडू नये. दाबाखालील शीतक शंभर अंशांहून अधिक तापमानालाही द्रवरूप असतो आणि झाकण उघडताच उसळतो. त्यानंतर बारा व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. हायब्रीड गाडीतील नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या आसपासचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच, सर्व्हिस प्लग काढून व उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून करावे.

पंपाच्या दोन्ही बाजूंचे होज पाइप चिमट्याने दाबून धरले तर शीतक कमी सांडतो. जुना पंप काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण आगम व निर्गम नळ्या उलट जोडल्या तर पंप सुरू असूनही प्रवाह नीट होत नाही. पंप जुना घेतला तरी ओ-रिंग व क्लिपा नव्याच वापराव्यात. जुन्या मंडलातून गढूळ किंवा खडूसारखा द्रव निघाला तर ते धुऊन घेतल्याशिवाय दुसरा पंप बसवू नये. ज्या कचऱ्याने पहिला अडकला त्यानेच दुसरा अडकेल.

भरताना उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचाच शीतक घ्यावा. रंगावरून प्रकार ठरत नाही आणि भिन्न रसायनांचे शीतक मिसळल्यास गाळ तयार होऊ शकतो. तीव्र शीतक असेल तर तो बोअरच्या नव्हे, क्षारविरहित पाण्यात, बहुधा समप्रमाणात मिसळतात.

यानंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. मंडलात अडकलेली हवा काढली नाही तर नवा पंपही हवेतच फिरतो आणि कोरडा पडून खराब होतो. टाकी भरून, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, बुडबुड्यांविना द्रव येईपर्यंत थांबतात. मग स्कॅनरने पंप थोडा थोडा वेळ चालवतात आणि पातळी उतरेल तसा शीतक घालतात. टोयोटाच्या इन्व्हर्टर टाकीत झाकण उघडून पाहिल्यास चालू पंपामुळे द्रवात खळबळ दिसते. ती दिसली म्हणजे प्रवाह सुरू झाला. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर, गाडी थंड असताना पातळी व सांधे पुन्हा तपासावेत.

सांडलेला शीतक

बहुतेक शीतकांत एथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असूनही चवीला गोड असते. कुत्री व मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही त्याचा धोका आहे. काढलेला शीतक झाकणबंद डब्यात साठवून गॅरेजच्या टाकाऊ द्रव्यांबरोबर द्यावा, गटारात ओतू नये. तो पाण्याच्या जुन्या बाटलीत तर कधीच भरू नये, आणि फरशीवर सांडलेला भाग लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावा.