हायड्रोजनच्या राखणीतला हिरा

पोलादी बंद भांडे. आत टंगस्टनची तार दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेली आणि तिच्याखाली, काही मिलिमीटरवर, सिलिकॉनची चकती. भांड्यात हवा नाही. अगदी कमी दाबाचा वायू आहे, शंभरातले नव्व्याण्णव भाग हायड्रोजन, मिथेन जेमतेम एक. तासाला साधारण एक मायक्रोमीटर या गतीने चकतीवर हिरा चढतो.

एवढ्या कमी दाबाला खरे तर ग्रॅफाइटच टिकायला हवे. कार्बन पुरवतो मिथेन, पण माझ्या मते या यंत्राचा खरा कारागीर हायड्रोजन आहे. तारेपाशी त्याचे रेणू फुटतात. सुटे अणू ग्रॅफाइट झपाट्याने खरवडून नेतात, हिऱ्याला मात्र फारसे झिजवत नाहीत. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या विल्यम एव्हरसोल यांनी 1952 च्या सुमारास कमी दाबाला हिरा वाढवला, तेव्हा साचलेले ग्रॅफाइट काढायला वाढ पुनःपुन्हा थांबवावी लागे. सोव्हिएत रशियात देऱ्यागिन यांच्या गटाने सुट्या हायड्रोजनचे महत्त्व ओळखले. 1982 मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी तप्त तारेची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात वाढ आणि साफसफाई एकाच वेळी चालते. घाईने मिथेन वाढवले, तर हे संतुलन ढळते: कण बारीक होतात, त्यांच्या सांध्यांत ग्रॅफाइटसारखा कार्बन शिरतो.

गुळगुळीत सिलिकॉनवर हिरा सहज रुजत नाही. म्हणून चकती आधी हिऱ्याच्या भुकटीने घासतात. रुजलेले असंख्य स्फटिक दाट पेरलेल्या ज्वारीसारखे एकमेकांवर कुरघोडी करतात. ज्यांची झटपट वाढणारी दिशा सरळ वर असते ते पसरतात, तिरपे गाडले जातात. पातळ पापुद्रा मोडून बाजूने पाहिला, तर खाली बारीक कणांची गर्दी आणि वर रुंदावत गेलेले खांब दिसतात.

याचा परिणाम थेट कामावर होतो. निर्दोष हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहतो. कणांचे सांधे तिला अडवतात. सिलिकॉनच्या चिपची उष्णता हिऱ्याने ओढून घ्यायची, तर सिलिकॉनला चिकटलेला तळच सर्वांत कमकुवत ठरतो. म्हणून उत्तम उष्णतावाहक पत्र्यासाठी हिरा जाड वाढवतात, सिलिकॉन आम्लात विरघळवतात आणि तळाचा बारीक कणांचा थर घासून टाकतात. उरलेल्या पत्र्याची पारख रामन वर्णपटात होते: प्रति सेंटीमीटर 1332 ला उभी राहणारी अरुंद रेघ म्हणजे हिरा, 1500 च्या आसपासचा फुगवटा म्हणजे सांध्यांत राहिलेला कार्बन.